फेस म्हणजे सफाई नव्हे



२०२० च्या साथीपासून आपल्या चर्चमध्ये पवित्र कम्युनियन हातावर दिले जाते. त्यामुळे दर रविवारी शेदीडशे तळहात माझ्या डोळ्यांखालून जातात. कोणाचे तंबाखूच्या चिकट्याने काळवंडलेले, कोणाचे उसाच्या पाल्याने ओरखडलेले. कष्टाच्या हातांची लाज वाटण्याचे कारण नाही. पण गेल्या नोव्हेंबरात एका बहिणीचे हात पाहून मी क्षणभर थबकलो. पेरापेरांवर भेगा, भेगांतून लाल मांस दिसत होते आणि बोटांच्या बेचक्यांतली कातडी कागदासारखी कोरडी झाली होती. मिस्सेनंतर विचारपूस केली. म्हणाली, "उष्णता हाय फादर अंगात. वांगं, मिरची सगळं बंद केलंय." धुणे कशाने धुता, असे विचारले तेव्हा मात्र तिचा चेहरा खुलला. "सुटी पावडर आणलीया बाजारातनं. स्वस्त हाय, आणि फेस लई येतोय बघा!"

त्याच पावडरीने ती भांडी घासत होती. तंबाखूचे शेंडे खुडून आल्यावर कोपरापर्यंत हातही त्याच पावडरीने चोळत होती, कारण चिकटा दुसऱ्या कशाने निघत नाही. त्या महिन्यात दोनदा तिला रानातून आल्यावर चक्कर येऊन उलट्या झाल्या होत्या. भेगा आणि उलट्या ही तिच्या मते दोन वेगळी दुखणी होती. माझ्या मते त्यांचा एकमेकांशी संबंध होता. तो कसा, हे समजण्यासाठी आधी फेसाची गोष्ट समजून घेऊ.

परसातल्या अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो. अळवावरचे पाणी हा शब्दप्रयोग आपण प्रवचनात नेहमी ऐकता. आता दुसऱ्या थेंबात शांपूचा किंवा साबणाचा अंश कालवून तो त्याच पानावर टाका. हा थेंब घरंगळत नाही, पसरतो आणि पान ओले होते. पाण्याला स्वतःला आवळून धरण्याची जी ओढ असते, ती या द्रव्याने सैल पडते. शास्त्रात अशा द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात. आपण त्याला फेसद्रव्य म्हणू.

त्याचा एकेक कण डोके आणि शेपूट असलेल्या बेडकाच्या पिलासारखा असतो. डोक्याला पाणी आवडते, शेपटाला तेल. कपड्यावरच्या तेलकट मळात शेपट्या घुसतात आणि डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. शेकडो कणांनी असा वेढा घातला की मळाचा गोळा सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. सफाई म्हणतात ती हीच. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा. हवा मळ काढीत नाही. कपडे धुण्याच्या यंत्रासाठीच्या पावडरीत फेस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तरी कपडे स्वच्छ निघतात. फेस भरपूर असला की आपल्याला काम चांगले झाल्याचे समाधान मिळते, आणि खळबळून काढायला एका बादलीच्या तीन बादल्या लागतात. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पाण्याची काय दशा असते, हे मी सांगायला नको.

शांपू, टूथपेस्ट आणि हात धुण्याच्या पातळ साबणात बहुधा जे द्रव्य असते त्याचे नाव सोडियम लॉरिल सल्फेट, किंवा त्याचा सौम्य भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. यातले लॉरिल नारळातून येते. खोबरेल तेलातला जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो. खोबरेल किंवा ताडाच्या बियांचे तेल घेऊन त्यापासून लॉरिल अल्कोहोल करतात, त्यावर गंधकाच्या संयुगाची क्रिया घडवतात आणि शेवटी कॉस्टिकने त्याची आंबट बाजू मारतात. तेव्हा बाटलीवर नारळाचे चित्र काढून 'नैसर्गिक' असे छापले म्हणून भाळून जाऊ नका. नारळ होता हे खरे, पण आता तो नारळ राहिलेला नाही.

धुण्याच्या पावडरीतले द्रव्य वेगळे. ते खनिज तेलापासून बनते आणि बाजारात त्याला अ‍ॅसिड स्लरी म्हणतात. पावडरीत स्लरीबरोबर धुण्याचा सोडा असतो. पावडर जितकी स्वस्त, तितके सोड्याचे प्रमाण बहुधा जास्त. सोड्यामुळे पाणी अतिशय खारवट होते. त्याने मळ सुटतो, आणि हाताची कातडीही सुटते.

एक हातचलाखी सांगतो. लॉरेथ सल्फेटच्या पातळ द्रावणात साधे मीठ घातले की ते मधासारखे घट्ट होते. प्रमाणाबाहेर घातले तर पुन्हा पातळ होते. म्हणून भांड्यांचे किंवा केसांचे द्रव घट्ट दिसते म्हणजे त्यात माल जास्त आहे, असे समजू नये. तो घट्टपणा कदाचित मिठाचा असेल.

या द्रव्यांची बाजूही मांडली पाहिजे. मलाखी संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात परटाच्या खाराचा उल्लेख आहे. त्या काळापासून माणसे राख, खार आणि तेल यांनीच धूत आली. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक. त्याची अडचण एकच, जड पाण्यात त्याचे काही चालत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असते, साबण त्यांना चिकटून पांढरा साका धरतो आणि फेस येतच नाही. फेसद्रव्याच्या पावडरीला ही अडचण फारशी नाही. भारतात सर्फ १९५९ साली आला तो श्रीमंतांच्या घरी. १९६९ साली करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत घरच्या घरी पावडर करून ती सायकलवरून दारोदार तीन रुपये किलोच्या आसपास विकायला सुरुवात केली, तेव्हा कोठे ती गरिबांच्या न्हाणीत पोचली. धोपटण्याने खांदे मोडून घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे कष्ट त्याने हलके केले. ते मी नाकारत नाही.

आता हातांकडे वळू. आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे एक भिंत आहे असे समजा. पेशी या विटा, आणि त्यांच्या मध्ये तेलकट चुना. फेसद्रव्याच्या शेपटीला तेल आवडते हे वर सांगितलेच. कपड्यावरचे तेल कोणते आणि भिंतीतला चुना कोणता, हे तिला कळत नाही. रोज दोन-दोन तास हात पावडरीच्या पाण्यात राहिले की चुना निघून जातो, विटा फुगतात, मग सुकून आकसतात आणि भेग पडते. लॉरिल सल्फेट तर त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम वापरतात. नव्या मलमाची परीक्षा घ्यायची असली की आधी याच द्रव्याची पट्टी लावून कातडी चिडवतात. इतकी त्याची खात्री आहे! कमी प्रमाणात, थोडा वेळ लावून लगेच धुतले तर बहुतेकांना त्रास होत नाही. आंघोळीच्या शांपूने कोणाचे हात फाटत नाहीत. फाटतात ते दिवसभर पावडरीत राहिल्याने.

तंबाखूच्या पानावरच्या दवात निकोटीन उतरते. पहाटे ओल्या पानांत शेंडे खुडताना, फुटवे काढताना ते कातडीतून अंगात जाते. डोके दुखते, मळमळते, उलटी होते, चक्कर येते. तंबाखू पिकवणाऱ्या जगातल्या अनेक देशांत हा आजार ओळखला गेला आहे. निरोगी कातडीतूनही निकोटीन शिरते, मग जिची भिंतच ढासळली आहे तिच्या अंगात ते किती सहज जात असेल! माझ्या त्या बहिणीने चिकटा काढण्यासाठी रोज जी पावडर चोळली, तिनेच दुसऱ्या दिवशीच्या निकोटीनला दार उघडून दिले. वांगे आणि मिरची बिचारी उगाच बदनाम झाली.

जी गोष्ट निकोटीनची, तीच फवारणीच्या औषधाची. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली, हे आपण वाचले असेल. औषध नाकातोंडातून जाते तसे कातडीतूनही जाते, हे आपल्या माणसांना अजून पटत नाही. फवारून आल्यावर हात पावडरीने खसाखसा घासणे चांगले असे पुष्कळांना वाटते. तसे करू नये. साधा अंगाचा साबण, गार पाणी भरपूर, आणि घासणे हलके. गरम पाणी आणि रॉकेल तर नकोच.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर पंपात शांपूची पुडी किंवा धुण्याची पावडर टाकण्याच्या रिवाजाबद्दल बोलले पाहिजे. कल्पना अगदीच चुकीची नाही. कोबी, कांदा, अळू यांच्या मेणचट पानांवर औषध टिकत नाही, म्हणून पसरवणारे द्रव्य लागते. दुकानात ज्याला स्टिकर म्हणतात तेही फेसद्रव्यच असते. पण धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, आणि मॅलॅथिऑन, कॅप्टन यांसारखी औषधे खारवट पाण्यात फुटून निकामी होतात. म्हणजे दोन रुपयांच्या पावडरीने दोनशे रुपयांचे औषध मारायचे, आणि मग दुकानदाराला शिव्या द्यायच्या की माल बनावट निघाला! शांपूत सोडा नसतो, पण प्रमाण चुकले की थेंब एकमेकांत मिसळून पानावरून ओघळतात, औषध मातीत जाते आणि कोवळी पाने करपतात. शिवाय पान ज्याने ओले होते त्याने पाठही ओली होते. गळक्या पंपातून पाठीवर सांडलेले ते मिश्रण साध्या औषधापेक्षा जास्त पसरते आणि जास्त मुरते.

तणनाशकाच्या बाटलीत तर कंपनीनेच फेसद्रव्य घातलेले असते. ग्लायफोसेटच्या जोडीला बरीच वर्षे चरबीपासून केलेले एक फेसद्रव्य वापरात होते. ते खुद्द ग्लायफोसेटपेक्षाही घातक आहे असे दिसून आल्याने युरोपातल्या देशांनी २०१६ साली ग्लायफोसेटमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. बाटलीवर मुख्य औषधाचेच नाव मोठ्या अक्षरांत असते. जोडीदाराचे नाव आपल्याला कोणी सांगत नाही.

साबणाची योग्य जागाही आहे. निंबोळी अर्कात तो हवाच. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर ९ ते १० लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा आणि एकंदर १०० लिटर करून त्याच दिवशी फवारावे. येथे साबण म्हणजे साबणच, पावडर नव्हे. साबणाशिवाय निंबोळीचे तेल पाण्यात मिसळत नाही. मावा, तुडतुडे यांवर हा अर्क बरा उपयोगी पडतो. इतर औषधात स्टिकर घालायचा तर डब्यावर जितका लिहिला असेल तितकाच. शंका असली तर रयत संपर्क केंद्रात जाऊन विचारावे, शेजाऱ्याच्या अंदाजावर जाऊ नये.

पंप धुताना एक पाळा. विहिरीच्या काठावर, पाटात किंवा ओढ्यात धुऊ नका. तीनदा खळबळून ते पाणी पुन्हा पिकावरच फवारून टाका. फेसद्रव्य माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि त्याबरोबर औषध असले तर विचारायलाच नको. वेदगंगेत, दूधगंगेत गळ टाकून बसणारी पोरे आपल्यातलीच आहेत.

नद्यांवर फेसाचे डोंगर येणे नवे नाही. १९५० नंतर युरोप-अमेरिकेत धुण्याच्या पावडरी वाढल्या तेव्हा त्यातले द्रव्य फांद्या असलेल्या साखळीचे होते. पाण्यातल्या जिवाणूंना ते खाता येईना. नद्या फेसाळल्या, काही ठिकाणी नळाच्या पाण्यालाही फेस आला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला, आणि कारखानदारांना सरळ साखळीचे, जिवाणूंना पचणारे द्रव्य आणावे लागले. आज आपल्या पावडरींतही बहुधा हेच असते. पण पचण्यासाठी वेळ आणि हवा लागते. शहराचे सांडपाणी न शुद्ध करता सोडले की जिवाणू तरी किती खाणार? आपल्या राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावर फेस साचून रस्त्यावर उडत होता आणि २०१५ साली त्या फेसाने पेटही घेतला. आळंदीला इंद्रायणी गेल्या काही वर्षांत अनेकदा फेसाळली, आणि वारकऱ्यांना त्याच पाण्यात उतरावे लागले. तिकडच्या सांडपाण्याचा बंदोबस्त तिकडच्या सरकारने करावा हे खरे, पण आपल्या न्हाणीचे पाणी कोठे जाते हे आपणही पाहावे. ते गटारात सोडण्यापेक्षा केळीच्या बुडाशी शोषखड्डा करून सोडलेले बरे. भाजीच्या वाफ्यात मात्र सोड्याचे पाणी सोडू नका, जमीन चोपण होते.

या द्रव्याने कॅन्सर होतो, अशी एक बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरते. ती १९९८ च्या सुमारास अमेरिकेत ई-मेलद्वारे पसरली आणि अजून मरायला तयार नाही. लॉरिल सल्फेटने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. लॉरेथ तयार करताना डायॉक्सेन नावाचा एक नको असलेला पदार्थ अल्प प्रमाणात राहू शकतो, तो कारखान्यात काढून टाकता येतो. न्यू यॉर्क राज्याने त्यावर २०२२ च्या अखेरपासून कायद्याने मर्यादा घातली आहे. भीतीपेक्षा अशी मर्यादा आपल्याकडेही मागावी हे शहाणपणाचे.

टूथपेस्टमध्येही हेच लॉरिल सल्फेट थोडेसे असते. दात घासल्यावर लगेच मोसंबी खाल्ली तर ती कडू लागते, ती याचीच करामत. ज्यांना वारंवार तोंड येते त्यांनी हे द्रव्य नसलेली पेस्ट वापरून पाहावी, काहींना त्याने उतार पडतो. पण "फेसाने दात खराब होतात" असे म्हणत मिश्री लावणाऱ्या माझ्या आजीबाईंना मी हात जोडतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो याला मात्र पुरावा भरपूर आहे. निपाणीकडे राहून हे बोलणे सोपे नाही. ज्या पिकावर घरे चालतात त्याबद्दल मंडळी माझ्यावर रागावतात. रागावू द्या, पण हिरड्यांवर तरी ती लावू नका.

रिठा आणि शिकेकाई मी वाईट म्हणणार नाही. कानडीत ज्याला अंटवाळ म्हणतात तोच रिठा. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे झाडाने स्वतः बनवलेले फेसद्रव्य असते. रेशमी लुगडे, लोकरीचे कपडे, चांदीचे दागिने त्याने उत्तम निघतात. फक्त तोही डोळ्यात गेला तर आग आग होते, आणि रिठ्याचा कोळ पाण्यात टाकून मासे मारण्याची पद्धत जुनी आहे. झाडाचे म्हणून निरुपद्रवी, असा नियम देवाने कोठे घालून दिलेला नाही.

बचत गटातल्या भगिनी भांड्यांचे द्रव घरी करतात, त्याचे मला कौतुक आहे. पण स्लरी आणि कॉस्टिक दोन्ही भाजतात. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे टाकायचे, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. शेवटी लिटमस कागद बुडवून पाहा, द्रव फार आंबट वा फार खारट राहिले तर विकत घेणाऱ्या बाईचे हात जातील. आणि हे द्रव थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून देऊ नका. लहान मूल रंग पाहून तोंडाला लावते. असे घडलेच तर मुलाला उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर फेस उसळतो आणि श्वासनळीत जातो. तोंड पुसून दोन-चार घोट पाणी द्यावे आणि बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी.

त्या बहिणीचे पुढे काय झाले ते सांगतो. धुण्याला रबरी हातमोजे, पावडर निम्मी. हात धुवायला टीएफएम ७६ टक्क्यांवर असलेला साबण, हा आकडा वेष्टनावर लिहिलेला असतो. शेंडे खुडायला दव उतरल्यावर जाणे, तेही लांब बाह्यांचा सदरा आणि मोजे घालून. चिकट्यासाठी आधी हाताला थोडे गोडे तेल चोळून मग साबण, कारण चिकटा तेलात सुटतो. रात्री झोपताना ओलसर हातांवर खोबरेल. ज्या नारळापासून फेसद्रव्य होते, त्याच नारळाचे तेल भिंतीच्या चुन्याचे काम थोडेफार करते. औषधाच्या दुकानातून विचारल्यावाचून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब तिच्याकडे होती, ती मी बंद करायला लावली आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले. नाताळच्या मिस्सेला भेगा मिटल्या होत्या. तंबाखू निघेपर्यंत पुन्हा उलटी झाली नाही.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहात बसणार आहे. घरातल्या पावडरीच्या, शांपूच्या आणि स्टिकरच्या रिकाम्या पुड्या घेऊन या. मागची इंग्रजी अक्षरे बारीक असतात, आपण मिळून वाचू. भिंग मी आणतो.